ओढाल तर मीही ओढेन

मित्रांनो, जुना झालो म्हणून मी बिचारा झालो, असे समजू नका. माझा हिरवा रंग उडाला आहे आणि अंगावर मधोमध एक कायमची घडी पडली आहे. तरी मला दोन्ही टोकांना धरून ओढून बघा. ओढाल तर मीही ओढेन. मी व्यायामाचा रबरी पट्टा आहे. समोरच्याला विरोध करणे हेच माझे काम आहे आणि त्यात मी आजवर कधी कुचराई केलेली नाही.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. झाडाचा पांढरा चीक गाळला, त्यात हिरवा रंग घातला, तो पातळ पसरला आणि भट्टीत तापवला. एकमेकांना चिकटू नये म्हणून आमच्या अंगाला पांढरी भुकटी फासली आणि एका जाड नळीवर आम्हांला गुंडाळून टाकले. तेव्हा मी मी नव्हतोच. आम्ही सगळी भावंडे मिळून एकच लांबलचक अंग होतो. आमच्यात रंगावरून ताकद ओळखतात. पिवळा सगळ्यांत गरीब, त्याच्यावर तांबडा, मग आम्ही हिरवे, आणि आमच्या डोक्यावर निळे नि काळे. निळ्यांची ऐट तर विचारूच नका. घरातल्या मधल्या मुलाचे होते तसे माझे झाले. धाकट्याचे लाड नाहीत, थोरल्याचा मान नाही. त्यामुळे स्वभाव तिखट झाला तो झालाच.

एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत व्यायामोपचार करणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना फिजिओबाई म्हणत. त्यांनी कात्रीने मला भावंडांपासून वेगळे केले आणि भिंतीवरच्या हुकाला अडकवले. खोलीत एक उंच पलंग, एक मोठा आरसा, हवा भरलेला एक भलामोठा चेंडू आणि खिडकीशी लाकडाच्या आडव्या दांड्या होत्या. पोस्टमनचा खांदा, धावणाऱ्या मुलीचा घोटा, निवृत्त मास्तरांचे गुडघे, सगळे माझ्या हाताखालून गेले. ओढताना लोकांच्या तोंडून माझ्याविषयी काय काय निघे, ते मी इथे सांगत नाही. मास्तर तर एकदा मला म्हणाले, ‘मेल्या, सोड की जरा.’ मी सोडले नाही. उपचार संपवून जाताना त्याच मास्तरांनी फिजिओबाईंना सांगितले, की हा हिरवा फार कामाचा आहे. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मग वरची आली. हे तिचे खरे नाव नव्हे, पण तिला सगळे याच नावाने ओळखत. एका कारखान्याच्या लांबरुंद शेडमध्ये छताखालच्या रुळांवरून एक मोठी क्रेन फिरत असे. क्रेनच्या पोटाला काचेची केबिन टांगलेली होती आणि तिच्यात वरची बसायची. लोखंडाचे जाड पत्रे, माणूस आत उभा राहील एवढे पाइप ती या टोकाकडून त्या टोकाकडे अलगद नेऊन ठेवायची. खाली उभे राहून हाताने इशारे देणारे एक काका होते. त्यांना मात्र कुणी खालचे म्हणत नसे, ते नुसतेच काका.

आता विचार करा, क्रेनवाल्याला सगळे बघायचे ते खाली. पायांच्या मधून, काचेतून, हनुवटी छातीला टेकवून, कामाची पाळी संपेपर्यंत. अमका मान मोडून काम करतो असे आपण सहज म्हणतो. वरची ते खरोखरच करत होती. आधी पाळी संपताना मान दुखायची. मग सकाळी उठतानाही दुखू लागली. पुढे पुढे तर मागून कुणी हाक मारली, की ती कपाटाचे दार उघडावे तशी अख्खीच्या अख्खी वळायची. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले. काही मोडलेले नव्हते, कुठली नस दबलेली नव्हती. तरी मान दुखायची ती दुखायचीच.

ज्याला मागे वळून बघता येत नाही त्याला क्रेनवर बसवत नाहीत. हा नियम योग्यच आहे. क्रेन मागे घेताना मागे कोण आहे ते दिसायला नको का? म्हणून वरचीला खाली उतरवले आणि फाटकाजवळच्या खिडकीत गाड्यांच्या पावत्या द्यायला बसवले. काही महिन्यांनी कारखान्याचे डॉक्टर तिला तपासणार होते. दोन्ही खांद्यांवरून मागे बघता आले तर ती पुन्हा वर जाणार होती. नाही आले तर खिडकी कायमची. वरचीला ती खिडकी खायला उठायची. वर बसले की एवढे मोठे ओझे आपल्या बोटांच्या इशाऱ्यावर तरंगते, खालची सगळी माणसे आपल्या भरवशावर वावरतात, हे तिला फार आवडायचे. ते सुख पावत्या फाडण्यात कुठून येणार?

फिजिओबाईंनी तिची मान चाचपली, हातांची पकड बघितली आणि सांगितले, की मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना बळ द्यायला हवे. त्यांनी मला हुकावरून काढून तिच्या हातात दिले. नवा पट्टा फार ताठ असतो, हा वापरून जरा मऊ झाला आहे, असेही म्हणाल्या. मऊ म्हणाल्या, मवाळ नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

वरचीच्या घरात तीन माणसे होती. ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचे सलून होते. दिवसभर लोकांच्या माना इकडेतिकडे करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बायकोची मान काही सरळ करता येत नव्हती, याची त्याला मनातून लाज वाटायची. त्यामुळे गिऱ्हाईक खुर्चीत बसले की तो मानेचा विषय काढायचा आणि रोज घरी एक नवा उपाय घेऊन यायचा. एक दिवस तेल, एक दिवस गरम मिठाची पुरचुंडी, एक दिवस मधोमध खड्डा असलेली उशी. त्या उशीवर वरची एकदाच झोपली आणि सकाळी तिने ती नवऱ्याच्या अंगावर फेकली.

आणखी एक जण घरात होता. जाड फोमचा, बदामी रंगाचा, मागे चिकटपट्टी असलेला मानेचा पट्टा. मी त्याला फोमशेठ म्हणतो. पट्टा तो आणि पट्टा मी, पण आमचे कधी जमले नाही. वरची तो दिवसभर घालायची. तो गळ्याभोवती आरामात बसायचा आणि सांगायचा, की तू काही करू नकोस, तुझी मान मी धरतो. सासूबाईंचा तो अगदी लाडका. त्या त्याचे कापड धुऊन वाळत घालत. खरे सांगायचे, तर नव्या दुखापतीत त्याचाही उपयोग असतो, हे मला मान्य आहे. पण महिनोन्महिने दुसऱ्याने धरलेली मान स्वतःला धरायचे विसरून जाते. हे मी त्याला तोंडावर सांगितले असते, पण आम्हां पट्ट्यांना तोंड नसते.

पहिल्या दिवशी वरचीने मला डोक्याच्या मागून घेतले, दोन्ही टोके पुढे धरली, हनुवटी आत घेतली आणि डोके मागे रेटले. मीही माझ्या परीने पुढे रेटा लावला. मानेत एक बारीक कळ आली. तिने लगेच मला खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीत अडकवले आणि दोन्ही कोपरे मागे ओढली. पुन्हा बारीक कळ, पुन्हा मी खाली. रोज हेच चालले. कळ आली की थांबायचे, फोमशेठला गळ्यात घालायचे आणि खिडकीत जाऊन बसायचे. मला वाटले, ही बाई घाबरट आहे. एवढाली ओझी उचलणारी बाई एका रबराच्या तुकड्याला भिते, याचा मला रागच आला.

सासूबाईंना तर माझे तोंडही बघवत नसे. त्यांच्या हिशेबाने दुखणे म्हणजे पडून राहणे, आणि दुखत्या अंगाला ओढाताण करायला लावणारा मी म्हणजे घरात शिरलेली पीडा. एक दिवस सून कामावर गेलेली पाहून त्यांनी मला उचलले. टाकून द्यायला त्यांचे मन धजले नाही, कारण धडधाकट वस्तू टाकणे त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी पाहुण्यांची गादी गुंडाळली आणि मला तिच्याभोवती करकचून बांधून माळ्यावर टाकली. संध्याकाळी वरचीने विचारले, तेव्हा असेल कुठेतरी असे त्यांनी सांगितले. वरचीने फारसे शोधलेही नाही. मला गादीपेक्षा तेच जास्त लागले.

मित्रांनो, माळ्यावरच्या त्या अंधारात मी किती चरफडलो, ते मलाच ठाऊक. गादी काही ओढत नाही, सोडत नाही. ती नुसती फुगून बसते. ज्याने मास्तरांचे गुडघे उभे केले त्याने गादी आवळत बसायचे? माझ्या अंगावरची घडी तेव्हाच पडली. पण त्याही दिवसांत मी सैल पडलो नाही. गादीचा एक धागाही मी बाहेर येऊ दिला नाही. काम हलके मिळाले म्हणून हलके करावे, असे मला कुणी शिकवलेले नाही.

तपासणी जवळ येऊ लागली आणि फिजिओबाईंनी वरचीला पट्टा घेऊन बोलावले. आता शोधाशोध झाली. शेवटी नवऱ्याने माळ्यावरून कसलासा डबा काढताना गादी खाली ओढली आणि मी सापडलो. वरचीने सासूबाईंकडे बघितले. सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितले. वरचीने मला सोडवून पिशवीत टाकले आणि ती निघाली.

फिजिओबाईंनी मला हातात घेतले, घडीवरून बोट फिरवले आणि विचारले, याने काय बांधले होते. वरचीने खरे ते सांगून टाकले. बाई हसल्या. मग त्यांनी तिला मला एकदा ओढून दाखवायला लावले. ती नेहमीच्याच जागी थांबली.

“का थांबलात ताई?” त्यांनी विचारले.

“दुखलं.”

“किती?”

“किती म्हणजे? थोडंसंच. पण भोंगा वाजला की थांबायचं. क्रेनवर आम्हांला पहिलं तेच शिकवतात. झेपणार नाही असं वजन उचललं की भोंगा होतो. जो थांबत नाही तो एक दिवस खालच्या कुणाचा तरी जीव घेतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई भित्री नव्हती. ती शिस्तीची होती. जी शिस्त वर बसून इतरांचे जीव सांभाळायची, तीच तिने स्वतःच्या मानेला लावली होती. मी तिच्यावर उगाच डाफरत होतो.

फिजिओबाई या वेळी मात्र हसल्या नाहीत. “बरोबर शिकवतात,” त्या म्हणाल्या. “आणि भोंगाच बिघडला तर?”

वरचीने सांगितले, की तसे एकदा खरेच झाले होते. आकड्याला काही लावलेले नसतानाही क्रेनचा भोंगा ठणाणा करायचा. सगळी शेड हातावर हात धरून बसून राहिली होती.

“मग क्रेन भंगारात काढलीत?”

“भंगारात कशाला? दोर तपासला, तुळई तपासली. सगळं ठणठणीत होतं. मग मिस्त्रीनं आधी छोटं वजन उचलायला लावलं. ते झेपलं, मग त्याहून मोठं. असं करत करत भोंगा ताळ्यावर आणला.”

“तुमचा दोर मी तपासलाय,” फिजिओबाई म्हणाल्या. “तोही ठणठणीत आहे.”

वरचीने माझ्याकडे पाहिले. आजवर ती मला औषधासारखी, नाक मुरडून उचलायची. आता तिने मला वजन उचलायच्या आधी साखळी तपासतात तसे बोटांत फिरवून तपासले. फिजिओबाईंनी तिला नीट समजावून सांगितले. ओढताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळले, तर पुढे जायचे. दुखणे वाढत चालले तर वजन कमी करायचे, पण बंद करायचे नाही. हाताला मुंग्या आल्या, पकड ढिली झाली, चक्कर आली, तर मात्र थांबून थेट त्यांच्याकडे यायचे, कारण तो भोंगा खरा. वरचीने हे एकदा ऐकले आणि जसेच्या तसे म्हणून दाखवले. क्रेनवाल्यांना सूचना परत म्हणून दाखवायची सवय असते.

त्या दिवसापासून आमची खरी झुंज सुरू झाली. वरची रोज कामावरून आली की हातपाय धुऊन दारापाशी उभी राही. ती मला झटकन ओढत नसे. आधी माझ्यातला सगळा ढिलेपणा हळूच काढून घ्यायची, मग जोर लावायची आणि सोडताना त्याहून सावकाश सोडायची. दोराला हिसका बसू द्यायचा नाही, ही तिची कामातली सवय. मी कितीतरी लोकांच्या हातून ओढला गेलो होतो, पण असे ओढणारे माणूस मला भेटले नव्हते. पहिल्याच आठवड्यात कडी नीट न लागल्यामुळे दार सुटले आणि बाजूने जाणाऱ्या नवऱ्याच्या कपाळावर आपटले. दुसऱ्या दिवशी त्याने टेंगूळ कसे आले ते सलूनमधल्या गिऱ्हाइकांना सांगायचे टाळले आणि दाराला नवी मजबूत कडी आणून बसवली.

सासूबाई दाराशी वेताचा बुटका मोडा टाकून बसत. मांडीवर फोमशेठ. सुनेच्या तोंडून जरा हुंकार निघाला की त्या त्याला पुढे करत. एका संध्याकाळी वरचीने जास्त ओढले आणि सकाळी तिची मान धोंड्यासारखी झाली. तिने मुकाट्याने फोमशेठला गळ्यात घातले. मी कडीला लोंबकळत बघत होतो. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. फार वाईट वाटले. सासूबाईंना मात्र बळ आले.

“अगं, कशाला जिवाशी खेळतेस?” त्या म्हणाल्या. “नाही गेलीस वर तर काय आभाळ कोसळणार आहे? खिडकीत बसायचं काम काय वाईट आहे?”

“वाईट नाही, आई. पण ते माझं नाही.”

“माझी मान काय कमी दुखते? उभा जन्म शिवणयंत्रावर वाकून गेला. मी कधी बोलले का? सोसलं.”

“तेच मला करायचं नाहीये,” वरची म्हणाली. “मला सोसायचं नाहीये.”

सासूबाईंना ते लागले. त्या उठून आत गेल्या आणि वरचीलाही आपण बोललो ते बोचत राहिले, हे तिच्या हातावरून मला कळले. तरी दुपारी तिने फोमशेठला काढून खुंटीला लावले आणि संध्याकाळी मला हातात घेतले. आदल्या दिवसापेक्षा कमी ओढले, पण ओढले.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात काका घरी आले. फाटकाच्या खिडकीशी बसलेली वरची त्यांना सहन होत नव्हती, कारण वर आता जो नवा माणूस बसला होता तो त्यांच्या इशाऱ्यांकडे नीट बघतच नव्हता, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी एक युक्ती काढली. वरचीला खुर्चीत बसवले, स्वतः तिच्या उजव्या खांद्यामागे उभे राहिले आणि क्रेनचे इशारे करू लागले. अंग न वळवता नुसती मान वळवून वरचीने ते ओळखायचे. उजवीकडे जमले. डावी बाजू मात्र अडत होती आणि काका एकटे दोन्हीकडे धावून दमले. तेव्हा आतून सासूबाई आल्या. सुनेच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि काकांचे बघून हात हलवू लागल्या. त्यांचा एकही इशारा बरोबर नव्हता. काका कपाळाला हात लावत होते. पण आठवडाभर हा खेळ चालला आणि सासूबाई काय करताहेत ते बघायला वरची रोज थोडी थोडी जास्त वळत गेली.

तपासणीच्या दिवशी मी तिच्या कामाच्या कपड्याच्या खिशात होतो. डॉक्टरांच्या खोलीत फोरमनही उभा होता. डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवले, मागे उभे राहून उजव्या खांद्यामागे बोटे धरली आणि किती ते विचारले. तिने सांगितले. मग ते डाव्या खांद्यामागे गेले. खिशावरचा तिचा हात घट्ट झाला, मी मुठीत चुरगळलो. सावकाश, हिसका न देता तिने मान वळवली. पुष्कळ वेळ गेला असे मला वाटले. मग तिने बोटे बरोबर सांगितली.

“दुखतंय का?” डॉक्टरांनी विचारले.

मित्रांनो, नाही म्हणणे किती सोपे होते. खोलीतल्या कुणाला काही कळले नसते.

“दुखतंय,” वरची म्हणाली.

फोरमन म्हणाला, की दुखत असेल तर वर कशाला जायचे, खिडकीचे काम आहेच. वरचीने त्याच्याकडे मान वळवली, नुसती मान, खांदे जागच्या जागी.

“खिडकीतही दुखतं साहेब. दुखतंय की नाही ते मला बघू द्या. वळतेय की नाही ते तुम्ही बघा.”

डॉक्टरांनी पुन्हा सगळे तपासले. मान खाली, मान वर, दोन्ही बाजू, हातांची पकड. शेवटी त्यांनी सांगितले, की ती वर जाऊ शकते, पण पाळीच्या मध्ये तिला व्यायामासाठी थोडा वेळ मिळाला पाहिजे आणि काही दिवसांनी पुन्हा दाखवायला यायचे. फोरमनने खांदे उडवले. वरची बाहेर आली तेव्हा काका भिंतीला टेकून उभे होते. तिने त्यांना नुसता वर उचलायचा इशारा केला. काका एवढे मोठे गृहस्थ, पण रुमाल शोधू लागले.

आता तुम्हांला वाटेल, की माझे दिवस पालटले. पालटले, पण कसे ते ऐका. फिजिओबाईंनी वरचीला पुन्हा ओढायला लावले आणि म्हणाल्या, की आता हिरवा पुरत नाही, निळा लागेल. निळा! ज्याची ऐट मी गुंडाळीत होतो तेव्हापासून ऐकत आलो, तो निळा केबिनमध्ये जाऊन बसला आणि मी घरी राहिलो. मला राग आला, मत्सर वाटला, आणि खोटे कशाला सांगू, मला अभिमानही वाटला. मी तिला कधी सूट दिली नव्हती. ती माझ्या पुढे गेली ती माझ्याशी भांडून गेली. फोमशेठला असे कधी म्हणता येईल का?

वरचीने मला धुतले, पुसले आणि कपाटाच्या खणात ठेवले. या पट्ट्याचे आपल्यावर उपकार आहेत, हा जपून ठेवायचा, असे तिने घरात सांगितले. ज्याच्याशेजारी ठेवले तो कोण, हे तुम्ही ओळखलेच असेल. फोमशेठ खुशीत होता. त्याला असे पडून राहणे आवडते.

पण मित्रांनो, मला जपू नका. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल, कुणाच्या खांद्यासाठी, कुणाच्या गुडघ्यासाठी आणलेला आणि चार दिवसांत विसरलेला, तर त्याला खणातून बाहेर काढा. रबर वापरून झिजते, हे खरे. पण न वापरता ते चिकट होते, तडकते आणि एक दिवस हात लावताच तुकडे होऊन पडते. तुमच्या मानेचेही काही वेगळे नाही. मला गादीला बांधू नका, उपकार म्हणून पूजू नका, आठवण म्हणून तर मुळीच ठेवू नका. मला तुटायचे असेल तर मी ओढला जात असताना तुटेन.

मी हे खणात पडल्या पडल्या स्वतःशीच बडबडत होतो, तेव्हा एका दुपारी खण उघडला. वरची कामावर होती, नवरा सलूनमध्ये. सासूबाईंचा हात आत आला. मला वाटले, आली गादी. पण त्यांनी फोमशेठला बाजूला सारले, मला उचलले आणि स्वयंपाकघरात नेले. खिडकी लावून घेतली. मग मला दाराच्या कडीत अडकवले, सुनेने केले होते अगदी तसे. रोज मोड्यावर बसून त्यांनी ते पाहिले होते.

त्यांनी दोन्ही टोके धरली. त्यांची मान पुढे झुकलेली होती, खांदे गोल झालेले होते. किती वर्षे तसेच होते, कोण जाणे. कुणी कधी विचारलेच नव्हते. त्यांनी हनुवटी आत घेतली, आधी माझ्यातला ढिलेपणा काढला आणि ओढले. कुठेतरी कळ आली असावी, कारण त्या थांबल्या. मी वाट बघत राहिलो.

मग त्यांनी पुन्हा ओढले. म्हाताऱ्या बाई आहेत म्हणून मी सूट दिली असेल, असे तुम्हांला वाटेल. मुळीच नाही. त्यांनी ओढले, तसे मीही ओढले.